श्यामसुंदर गावंडे आणि बिनक्लचची गाडी

ऑक्टोबर सरत आला होता. शिवालिकच्या डोंगरांवरून उतरणारा वारा पहाटे अंगाला बोचायचा, आणि सकाळ जरा वर आली की ऊन असं चढायचं की अंगातलं स्वेटर काढून कुठं ठेवावं हा प्रश्न पडावा. साल एकोणीसशे एक्क्याऐंशी. अशा दिवसांत चंदीगडात घरोघरी एकच उद्योग निघतो. ट्रंकांच्या तळाशी उन्हाळाभर निजलेल्या रजया बाहेर काढायच्या, बाजांवर पसरायच्या आणि काठीनं बडवायच्या.

सेक्टर वीसमधल्या भाड्याच्या घरापुढं श्यामसुंदर गावंडे त्या रविवारी रजई बडवत होता. बडवत होता म्हणजे काठी हातात होती. डोळे रस्त्याच्या टोकाला लागले होते.

"काय पाहून राह्यले?" त्याची बायको नलिनी दारातून म्हणाली. "रजई अथी हाय, रस्त्यावर नाही."

"डॉक्टरीणबाई येणार हायेत. गाडी घेऊन."

"ठाव हाय मले. साऱ्या गल्लीले ठाव हाय. काल वरच्या सरदारजीले बी सांगून आले ना तुमी, की उद्या पाहा म्हणून."

सांगितलं होतं खरं. श्यामसुंदरचा तो जुना रोग होता. काम करायच्या आधी त्याची दवंडी पिटायची, आणि मग दवंडीच्या मागं धावत सुटायचं.

माणूस मूळचा अकोटकडचा. अमरावतीला डिप्लोमा करून पिंजोरजवळच्या ट्रॅक्टरच्या कारखान्यात लागला त्याला आता बरीच वर्षं झाली होती. रोज सकाळी कंपनीची बस पकडायची, काल्का रोडनं पिंजोर गाठायचं, संध्याकाळी परत. कारखान्यात त्याचं खातं गिअरबॉक्सचं. आता गिअरबॉक्सच्या खात्यात असणं आणि गिअरबॉक्स कळणं या दोन गोष्टी निराळ्या असतात, पण हे तो दुसऱ्याला कधी सांगायचा नाही. त्याचं खरं काम असं होतं: तयार झालेली गिअरबॉक्स चाचणीच्या मशीनवर फिरू लागली की लाकडी मुठीचा लांब स्क्रूड्रायव्हर घ्यायचा, टोक गिअरबॉक्सवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि ऐकायचं. आवाज बरा असला तर खडूनं बरोबरची खूण, नसला तर फुली. कारखान्यात त्याला 'कानवाले साब' म्हणत. पण महाराष्ट्र मंडळात कुणी विचारलं की आपण काय करता, तर 'मी गिअरबॉक्स ऐकतो' असं कोणत्या तोंडानं सांगायचं? लोक म्हणायचे, गाणं ऐकतो काय. म्हणून मंडळात तो म्हणायचा, "गिअरचं सगळं आपल्याच हातात असते."

दसऱ्याला मंडळाच्या सभागृहात सोनं वाटताना तो असाच काही बोलला आणि समोर डॉक्टर वसुधा पाटणकर उभ्या होत्या.

वसुधाबाई शहरातल्या मोठ्या इस्पितळात लहान मुलांच्या डॉक्टर. चाळिशी ओलांडलेली, एकटी बाई. लहानपणी पोलिओनं डावा पाय नेलेला. पायाला गुडघ्यापर्यंत लोखंडी पट्ट्यांचा बूट, हातात काठी. काही वर्षं त्या झांबियात लुसाकाच्या इस्पितळात होत्या. येताना एक जपानी गाडी बरोबर घेऊन आल्या. लाल रंगाची, दोनच दारांची, नाक लांबलचक, शर्यतीत पळवायची असावी अशी. मागच्या सीटवर माणूस नव्हे, जेमतेम भाजीची पिशवी बसावी. पण बाईंनी ती रंगासाठी किंवा वेगासाठी घेतली नव्हती. तिला क्लच नव्हता. गिअर आपले आपण पडायचे. उजव्या पायानं दाबायचं आणि जायचं. डाव्या पायाला कामच नाही. लुसाकात तशी दुसरी गाडी विकाऊ नव्हती, म्हणून ही.

चंदीगडच्या रुंद रस्त्यांवरून ती लाल गाडी जायला लागली की कॉलेजातली पोरं सायकली थांबवून बघत. आत बसलेली खादीच्या साडीतली बाई पाहून त्यांची निराशा होत असावी.

गेल्या उन्हाळ्यापासून गाडी बिघडली होती. पहिल्यातून दुसऱ्या गिअरात जायला मुलखाचा वेळ लावायची, इंजिन नुसतं कोकलायचं, आणि मग कमरेत लाथ बसावी असा धक्का. बाईंनी ती शहराच्या कडेला मनीमाजऱ्यात गॅरेज असलेल्या नरेश मिस्त्रीला दाखवली. नरेशचं म्हणणं सरळ होतं. आटोमेटिक म्हणजे परदेशातले चोचले. ती गिअरबॉक्स काढून टाकायची, जुन्या जीपची बसवायची, क्लच लावायचा. पक्का इलाज. शिवाय गाडीला गिऱ्हाईकही मिळेल, कारण क्लच असला की कुणीही चालवील.

"कुणीही चालवील, मी सोडून," वसुधाबाई दसऱ्याच्या दिवशी म्हणाल्या. "गावंडे, माझा जन्म रिक्षावाल्यांनी मला वर चढवण्यात गेला. ही गाडी आल्यापासून मी हवं तेव्हा निघते आणि हवं तेव्हा परत येते. क्लच आला की गाडी राहील, मी तिच्याबाहेर."

"ड्रायव्हर ठेवता येईल ना, ताई," नलिनी म्हणाली होती.

"ठेवता येईल. मग तो येईल तेव्हा मी निघायचं."

त्यावर श्यामसुंदरनं छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, "बाई, गिअर म्हणजे आपलं घरचं काम. जपानी असो का अकोटी, दात तेच. मले एक रविवार द्या. आणि धक्क्याचं म्हणाल तं तेल तापत असंन. ट्रॅक्टरचा कूलर बसवून देतो तिले, पिंजोरचा चढ शिटी मारत चढंन."

बाई डॉक्टर. तज्ज्ञ म्हणाला की विश्वास ठेवायचा ही त्यांची सवय. त्यांनी नरेशला सोमवारी गाडी ओढून न्यायला सांगितलं होतं, आणि त्याच्या आदला रविवार श्यामसुंदरला दिला.

तो रविवार आता रस्त्याच्या टोकाला वळण घेत होता. आधी इंजिनाचा आक्रोश ऐकू आला, मग धाडकन एक दणका, आणि लाल गाडी गुपचूप येऊन फाटकापाशी थांबली.

श्यामसुंदरनं सगळी मांडणी करून ठेवली होती. तरटावर पाने अकरा प्रकारचे, हातोडी, जुने सदरे, चार विटा आणि मध्ये तो स्वतः. वरचे सरदारजी दाढी बांधून गॅलरीत उभे. पलीकडच्या घरातली बिजी, ती पंजाबी म्हातारी, खुर्ची घेऊन आपल्या फाटकात. गल्लीला रविवारचा खेळ मिळाला होता.

बाई काठी टेकत उतरल्या. "मला बारा वाजता वॉर्डात एक मूल बघायचं आहे. तोवर होईल?"

"बारा?" श्यामसुंदर हसला. "त्याच्या आधी तुम्ही चहा पिऊन, पोहे खाऊन मोकळ्या."

त्यानं बॉनेट उघडलं. आत पाहिलं. ट्रॅक्टरचं इंजिन म्हणजे वाड्याचं अंगण, मांडी घालून बसावं. इथं मुंगीला वाट नव्हती. नळ्या, तारा, डबे, झाकणं. पण गल्ली बघत होती. त्यानं घसा खाकरला आणि सगळ्यात आधी ओळखू आलेली वस्तू धरली. तेल मोजायची पट्टी. ती उपसली, पुसली, पुन्हा घातली, काढली. तेल लालभडक, आणि वरच्या खुणेच्याही वर चढलेलं.

"हे पाहा," तो सगळ्यांना दाखवत म्हणाला. "रोग सापडला. तेल जास्त भरलेलं हाय. गिअरं तेलात बुडून राह्यले. त्याइनं श्वास कसा घ्यावा?"

"इतकं सोपं?" वसुधाबाई म्हणाल्या.

"बाई, मोठे रोग सोपेच असतात. ट्रॅक्टर असो का कोणतीबी गाडी. सपाट जाग्यावर उभी करा, इंजिन बंद, पट्टी काढा. आमच्याकडं रोजचं हाय."

गाडीखाली पाठीवर निजून त्यानं तळाचा बोल्ट सैल केला आणि खाली पातेलं लावलं. लाल तेल धारेनं पडू लागलं. त्यानं थोडं काढायचं ठरवलं होतं, पण बोल्ट पुन्हा बसेना, आणि तेवढ्यात नलिनीनं वाकून विचारलं, "किती काढू राह्यले? घरच्या नळाचा वायसर तं मागच्या दिवाळीपासून बदलला नाही तुमी." त्या नादात पातेलं भरत आलं. शेवटी बोल्ट बसला. पट्टी घातली तर तेल बरोबर दोन खुणांच्या मध्ये. श्यामसुंदर गाडीखालून असा बाहेर आला की जणू बाळंतपण सुखरूप पार पडलं.

आणि मग त्यानं केली ती दुसरी चूक. पहिली अजून त्याला कळायची होती.

बिजीनं फाटकातून विचारलं, "पुत्तर, ए तेल बाहरला है?"

बाहेरचं. इंपोर्टेड. त्या काळात चंदीगडात या शब्दाला देवापेक्षा जास्त मान. बाहेरचं घड्याळ, बाहेरचा टेप, बाहेरचं ब्लेड. श्यामसुंदर म्हणाला, "जी, जापान का." एवढं पुरलं. सरदारजी बाटली घेऊन खाली आले, त्यांच्या फाटकाच्या बिजागऱ्या कुरकुरत होत्या. समोरच्या मास्तरांच्या बायकोला शिवणयंत्रासाठी हवं. बिजीला गुडघ्यांसाठी. रंग तर मालिशच्या तेलासारखाच लाल. श्यामसुंदरनं गुडघ्यांना चालेल की नाही याचा क्षणभर विचार केला आणि म्हणाला, "दो दिन में फरक पड़ेगा, बिजी." त्या क्षणी त्यानं सगळ्या गल्लीचे आजार बरे केले असते. पातेलं तळाला गेलं.

मग त्यानं बाईंना म्हटलं, "बसा. लावा. जाऊन या."

बाई बसल्या. इंजिन सुरू झालं. गिअरचा दांडा ओढला. उजवा पाय दाबला. इंजिन भुंकू लागलं, गाडी जागेवर. आणखी दाबला. इंजिन कोकलू लागलं, गाडी ढिम्म. आधी निदान लाथ मारून का होईना चालत होती. आता शेतातल्या बुजगावण्यासारखी.

"हँडब्रेक," श्यामसुंदर म्हणाला.

"काढलाय."

"मंग जरा दम खाऊ द्या तिले."

गाडीनं दम खाल्ला, पण पाऊल टाकलं नाही. सरदारजी बाटली पाठीमागं लपवून हळूच जिना चढून गेले. बिजी एवढंच म्हणाली, "हाय रब्बा," आणि घागरा सावरून गुडघ्याला तेल लावायला आत गेली.

वसुधाबाईंनी घड्याळ पाहिलं आणि नलिनीला रिक्षा बोलवायला सांगितली. सायकलरिक्षा आली. बाईंनी काठी आत ठेवली, उजव्या पायावर उभं राहून दोन्ही हातांनी डावा पाय बुटासकट उचलला आणि पायरीवर ठेवला. घसरला. पुन्हा उचलला. रिक्षावाला हात द्यायला पुढं आला तसं त्यांनी मान हलवली, आणि मग नाइलाजानं त्याचा हात धरला. श्यामसुंदर त्या वेळी समोरच्या भिंतीवरची एक वीट फार बारकाईनं पाहत होता.

"संध्याकाळी येते," रिक्षातून बाई म्हणाल्या. "नरेश उद्या सकाळी इथूनच ओढून नेईल. त्याला सांगा फक्त." आवाजात राग नव्हता. राग असता तर श्यामसुंदरला बरं वाटलं असतं.

तो स्कूटर काढून मनीमाजऱ्याला गेला. नरेश रॉकेलनं हात धूत होता.

"लाल तेल मिळंल का?" श्यामसुंदरनं हिंदीत विचारलं.

नरेशनं त्याच्याकडं कीव करून पाहिलं. "वो तेल? साबजी, दिल्ली में ढूंढना पड़ेगा. और डालोगे भी तो क्या? वो बीमारी तेल से नहीं जाती. मेरे पास जितनी आटोमेटिक आई, मैंने सबको क्लच दे दिया. आज तक एक भी वापस नहीं आई."

मसणात गेलेलं माणूसही परत येत नाही, असं श्यामसुंदरच्या ओठांवर आलं, पण ते बोलायचा अधिकार त्यानं सकाळीच पातेल्यात ओतून वाटून टाकला होता. तो म्हणाला, "कल सुबह मत आना. मैं बताता हूँ."

"मैडम ने बुलाया है. मैडम मना करेगी तो नहीं आऊंगा."

तो परत आला तेव्हा नलिनीनं ताट वाढलं होतं. त्यानं भाकरी चिवडली.

"कोणं सांगतलं होतं तुमाले?" ती म्हणाली. "गिअरचं सगळं आपल्याच हातात असते म्हणे. हातात काय हाय तुमच्या?"

"काही नाही."

"मंग? कंपनीत काय करता तुमी?"

"ऐकतो." त्याला एवढं खरं बोलायला सोळा वर्षांचा संसार लागला असेल.

"मंग तिचं ऐकलं काहून नाही? पातेलं लावायच्या आधी? आमच्या मायच्या घरी म्हैस दूध देत नव्हती तं बाबा आधी तिच्या पोटाले कान लावत. तुमी आल्या आल्या सुरी घेतली."

तिनं ते रागानं म्हटलं होतं. शहाणपण सांगायचा तिचा काही बेत नव्हता. पण श्यामसुंदरनं ताट बाजूला सारलं. स्क्रूड्रायव्हर घेतला, लाकडी मुठीचा, कंपनीतल्याचा जुळा भाऊ. गाडीत बसला. मोटारीत चालकाच्या जागी तो आयुष्यात पहिल्यांदा बसत होता. डावा पाय ट्रॅक्टरच्या सवयीनं क्लच शोधत इकडंतिकडं फिरला आणि बिचारा गप्प बसला. किल्ली फिरवली. इंजिन लागलं.

तो खाली उतरला, बाजूनं आडवा झाला, हात लांब करून टोक गिअरबॉक्सच्या पोटाला टेकवलं आणि मूठ कानाला लावली.

आत कुणीतरी रडत होतं. बारीक, चिरका, मध्येच गुळगुळ करणारा आवाज. विहिरीचं पाणी आटलं की पंप जसा हवा ओढत घशात बोलतो, तसा. श्यामसुंदरला हा आवाज झोपेतही ओळखू आला असता. ट्रॅक्टरमध्ये जड नांगर उचलायचा जो तेलाचा पंप असतो, त्यात तेल कमी पडलं की अशीच रड. रोज तो त्याच्यावर फुली मारायचा.

तेल कमी.

तो उठला. इंजिन चालूच होतं. त्यानं पट्टी उपसली, पुसली, पुन्हा घातली, काढली. कोरडी ठणठणीत. इंजिन बंद केलं, जरा थांबला, पुन्हा मोजलं. तेल दोन खुणांच्या मध्ये. चालू केलं. कोरडी.

मग त्याला सगळं उमगलं आणि तो तिथंच विटेवर बसला. ही गाडी चालू झाली की तेल वर ओढून आपल्या पोटात घेते. बंद झाली की सगळं खाली सोडते. उभ्या गाडीला जास्त दिसतं ते जास्त नसतंच. हिचं तेल चालत्या इंजिनात मोजायचं. ट्रॅक्टरचा नियम त्यानं जपानी गाडीला लावला होता. म्हणजे ज्याला तो गल्लीपुढं रोग म्हणाला, ती तब्येत होती, आणि ज्याला त्यानं इलाज म्हटलं, तो खून होता. शिवाय खुनाचा मुद्देमाल त्यानं स्वतःच शेजाऱ्यांत वाटला होता.

"काय झालं?" नलिनीनं विचारलं.

"चहाची गाळणी दे. आणि रिकामी कळशी."

मग श्यामसुंदर गावंडे, पिंजोरचा कानवाला साब, दारोदार हिंडला. मास्तरांच्या बायकोनं तेल परत दिलं, पण शिवणयंत्राला आधीच पाजलं होतं तेवढं सोडून, आणि वर विचारलं, "क्यों भाईसाब, खराब था क्या?" सरदारजींनी बाटली देताना फार दुःखी चेहरा केला. बिजागऱ्यांचा आवाज गेला होता आणि आता त्यांना मोटारीच्या दारांनाही लावायचं होतं.

"आपने ही तो दिया था, जी."

"दिया था. अब भीख मांग रहा हूँ."

बिजी फाटकातच बसली होती. वाटी रिकामी. दोन्ही गुडघे लाल चकचकीत. श्यामसुंदरनं त्या गुडघ्यांकडं असं पाहिलं की बिजीनं घागरा खाली ओढला.

"आराम है, पुत्तर," ती देवाची शपथ घेत म्हणाली. "सौं रब दी. हो तो और ला."

बिजीच्या गुडघ्यांत गेलं ते गेलं. बाकीचं त्यानं गाळणीला नलिनीच्या जुन्या मलमलीचा तुकडा लावून गाळलं. तेवढ्यात फाटकाशी रिक्षा थांबली.

वसुधाबाई दमलेल्या होत्या. श्यामसुंदर कळशी हातात घेऊन त्यांच्यापुढं उभा राहिला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. पट्टी, ट्रॅक्टरचा नियम, पातेलं, वाटप, बिजीचे गुडघे. मंडळात मी जे बोलतो त्यातलं निम्मं खोटं असते, आणि उरलेलं अर्धवट, हेही सांगितलं. सांगताना त्याला स्वतःचंच हसू येत होतं, आणि ते दाबता येत नव्हतं, म्हणून तो अधिकच मूर्ख दिसत होता.

बाई ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "धावणाऱ्या माणसाची नाडी धावतानाच बघावी लागते, गावंडे. पण हे तर मलाही सुचलं नाही. ओता."

इंजिन चालू ठेवून त्यानं तेल ओतलं. थोडं थोडं, मध्येच पट्टी बघत. खालच्या खुणेपर्यंत आलं आणि कळशी संपली. वरच्या खुणेचं बिजीकडं होतं. त्यानं पुन्हा स्क्रूड्रायव्हर लावला. रड थांबली होती. बाईंनी दांडा ओढला तशी गाडी वीतभर पुढं सरकली.

"चालली," नलिनी म्हणाली.

"चालली," वसुधाबाई म्हणाल्या, "पण लाथ मारणारच ना. सकाळी मारत होती तशी."

हे खरं होतं. श्यामसुंदरनं सबंध दिवस घालून गाडी सकाळी होती तिथं आणून ठेवली होती. एवढ्यासाठी कुणी नरेशला उद्याचं नको म्हणणार नव्हतं. बाई आत बसून होत्या, स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून, जसं कुणी जायच्या आधी घरच्या भिंतीला हात लावून पाहतं.

त्यानं पुन्हा ऐकायला सुरुवात केली. आता घाई नव्हती आणि गल्लीही आपापल्या चहाला गेली होती. खालून वर, गिअरबॉक्सपासून इंजिनापर्यंत, एकेका भागाला टोक लावत तो सरकत गेला. बॉनेटखाली आल्यावर त्याला स्क्रूड्रायव्हर कानापासून काढूनही काहीतरी ऐकू येत राहिलं. सूं. सापाचं पिल्लू फुसकारावं तसं, सारखं.

"बाई, जरा या. हे ऐकू येते का तुमाले?"

वसुधाबाई काठी टेकत आल्या, वाकल्या. कान दिला. "येतं." लहान मुलांच्या छातीत याहून बारीक आवाज शोधायची त्यांना सवय. त्यांनी बोट पुढं केलं, एका काळ्या रबरी नळीवरून हळू फिरवलं आणि एका ठिकाणी दाबलं.

सूं बंद झालं. इंजिनही थरथरायचं थांबून एका सुरात बोलू लागलं. बोट उचललं, पुन्हा थरथर. दाबलं, शांत.

"इथं चिरली आहे," त्या म्हणाल्या. "कुठं जाते ही नळी?"

श्यामसुंदरनं नळीच्या मागं मागं हात घातला. ती इंजिनातून निघून खाली, थेट गिअरबॉक्सच्या पोटात जात होती. इंजिन किती जोर लावतंय याची खबर हवेच्या ओढीनं गिअरबॉक्सला द्यायचं तिचं काम असणार. नळीला चीर, खबर अर्धवट. गिअरबॉक्स बिचारी समजून बसली की इंजिन सारखं डोंगर चढतंय, म्हणून गिअर बदलायला उशीर, आणि बदलला की दणका. हे सगळं त्यानं मोठ्यानं सांगितलं आणि शेवटी म्हणाला, "असावं. पक्कं म्हणत नाही. आज पक्कं म्हणायचा दिवस नाही माझा."

"नळी कुठं मिळेल?"

रविवार. सेक्टर सतराची दुकानं बंद. नरेशकडं जाऊन नळी मागायची म्हणजे त्याच्या क्लचला नारळ फोडायला बोलावणं. श्यामसुंदरनं इकडंतिकडं पाहिलं. नजर जाऊन त्याच्याच स्कूटरवर थांबली. पेट्रोलच्या टाकीतून खाली येणारी नळी. जाडीला तीच, रबर दणकट.

"नका," नलिनी म्हणाली. "सकाळी बस कशी गाठाल?"

"थांब्यापर्यंत पायी. बस काही स्कूटरवर बसत नाही."

त्यानं पेट्रोलचा कॉक बंद केला, नळी ओढून काढली, रॉकेलनं आतून धुतली, पुसली, कोरडी केली. चिरलेली काढून ही बसवली. दोन्ही टोकं तारेनं आवळली. सूं नाही. इंजिन गोड.

"बसा," वसुधाबाई म्हणाल्या. "माझ्या शेजारी. लाथ बसली तर दोघांना बसू दे."

गाडी सेक्टरला वळसा घालायला निघाली. श्यामसुंदरनं दोन्ही हातांनी सीट धरली आणि मान खांद्यांत ओढून घेतली. आता येईल. बाभळीच्या झाडापाशी येईल. वळणावर येईल. इंजिनाचा सूर चढला, जरा खाली आला, पुन्हा चढला. झाडं मागं पळत होती. तो वाट पाहतच होता.

"गावंडे," बाई म्हणाल्या, "तिसरा पडला."

"केव्हा?"

"तुम्ही डोळे मिटले होते तेव्हा."

त्यांनी गाडी आणखी एक वळसा घेऊन आणली. मग आणखी एक. तिसऱ्यांदा घरावरून गेल्या तेव्हा फाटकात उभ्या नलिनीनं त्यांच्याकडं पाहून नुसता हात वर केला, आणि बाई हसल्या. दिवसभरात पहिल्यांदा. घरापुढं थांबल्यावर त्या म्हणाल्या, "जाता जाता नरेशला सांगते, उद्या येऊ नको. काय सांगू, कुणी केलं म्हणून?"

श्यामसुंदरच्या जिभेवर उत्तर अगदी टोकाला येऊन उभं राहिलं. गिअरचं सगळं. त्यानं ते गिळलं.

"सांगा, एका माणसानं आधी मोडली आणि मंग तिचं ऐकलं. आणि वरच्या खुणेएवढं तेल दिल्लीहून मागवायला लागंन. तोवर डोंगरात नेऊ नका."

"आणि तो ट्रॅक्टरचा कूलर?"

"बाई, आज मले बोलायले लावू नका."

बाईंनी दांडा ओढला. कुणाचा हात लागत नव्हता की रिक्षावाल्याचा आधार लागत नव्हता. लाल गाडी गल्लीच्या टोकाशी वळली. श्यामसुंदर कान टवकारून उभा होता. वळणावर दुसरा गिअर पडला असणार. त्याला ऐकू आलं नाही.

"झालं ना ऐकून?" मागून नलिनी म्हणाली. तिच्या पायाशी गव्हाचा डबा होता. "घरात चिमूटभर पीठ नाही. चक्की बंद व्हायच्या आत जा."

तो सवयीनं स्कूटरकडं वळला, मग थांबला. डबा उचलून खांद्यावर घेतला, झाकण घट्ट बसलंय की नाही ते हातानं चाचपलं, आणि पायीच चक्कीच्या रस्त्याला लागला.